बाळंतपणानंतरचे शरीर : महाराष्ट्रातील प्रसूतिपश्चात पुनर्वसनाचा इतिहास
(विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील तळवडे)

महत्त्वाच्या संज्ञा : सूतिका, सव्वा महिना, श्रोणितल, अंग बाहेर येणे, भौतिकोपचार, प्रसूती रजा, औद्योगिक श्रम.

प्रस्तावना

मराठी समाजात बाळंतपणाला स्त्रीचा दुसरा जन्म म्हटले जाते. या वाक्प्रचारात प्रसूतीतील मृत्यूचे भय आणि त्यातून वाचल्याचा दिलासा असे दोन्ही भाव सामावलेले आहेत. वैद्यकाच्या इतिहासानेही प्रामुख्याने याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. किती माता दगावल्या, किती वाचल्या, प्रसूती घरी झाली की रुग्णालयात, याची नोंद गेल्या शतकात उत्तरोत्तर काटेकोर होत गेली. परंतु हा ‘दुसरा जन्म’ स्त्री कोणत्या शरीरानिशी जगते, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रसूतीनंतर लघवीवर ताबा न राहणे, अंग बाहेर येणे, कंबर धरणे, ओटीपोट सैल पडणे या तक्रारी मृत्यूच्या आकडेवारीत येत नाहीत. त्या घरातच राहतात आणि बहुधा त्या स्त्रीबरोबरच संपतात.

या तक्रारींच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना वैद्यकशास्त्रात श्रोणितल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, असे संबोधले जाते. समोर जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान झोळीप्रमाणे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देतात. गर्भारपणात त्यांच्यावरील भार वाढत जातो आणि योनीमार्गे प्रसूती होताना ते मोठ्या प्रमाणात ताणले जातात, प्रसंगी फाटतात. या स्नायूंचे पुनर्वसन करणारी शाखा म्हणजे स्त्रीआरोग्यविषयक भौतिकोपचार अर्थात फिजिओथेरपी. प्रस्तुत लेखात या शाखेची पूर्वपीठिका, तिचा पाश्चात्त्य देशांतील उदय, महाराष्ट्रातील तिचे उशिरा झालेले आगमन आणि औद्योगिक परिसरातील स्त्रीच्या जीवनात तिला असलेले स्थान यांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे.

सूतिका : शास्त्र आणि लोकाचार

प्रसूत झालेल्या स्त्रीला स्वतंत्र परिचर्या हवी, हा विचार भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीच्या पोटाला तूप व तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेष्टावे असे सांगितले आहे. पोटात निर्माण झालेल्या रिकाम्या जागेत वायूने विकार उत्पन्न करू नये, हे त्यामागील कारण दिले आहे. सुश्रुताने सूतिकेचा काळ दीड महिन्याचा मानला. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचारांची विस्तृत चर्चा आढळते. चरक व सुश्रुत या दोहोंनी स्त्रीरोगांचे वीस प्रकार वर्णिले असून ‘महायोनि’ आणि ‘प्रस्रंसिनी’ या संज्ञांतून अवयव शिथिल होणे वा खाली सरकणे या अवस्थांची जाणीव स्पष्ट दिसते. तात्पर्य, हा विकार आधुनिक काळाची निर्मिती नाही. त्याला जुन्या ग्रंथांत नाव होते आणि त्यावर उपचारही सांगितले होते.

महाराष्ट्रातील लोकाचारात या शास्त्राचे रूपांतर सव्वा महिन्याच्या रूढीत झालेले दिसते. पहिले बाळंतपण माहेरी, दहा दिवसांची सोयर, पाचवी व षष्ठीचे पूजन, सुईणीच्या हातचे तेल लावणे, गरम पाण्याचे न्हाणे, बाजेखालची शेगडी, ओवा, बाळंतशोपा व वावडिंगाची धुरी, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, आणि लुगड्याच्या पट्ट्याने घट्ट बांधलेले पोट असा हा क्रम होता. ‘बाळंतविडा’ हा शब्दच सांगतो की बाळंतिणीची देखभाल ही कुटुंबाने सामूहिकरीत्या उचलावयाची जबाबदारी मानली जात असे.

या रूढीचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. परंपरेत सर्व काही होते असे म्हणणे जितके अनैतिहासिक, तितकेच ती केवळ अंधश्रद्धा होती असे म्हणणेही अनैतिहासिक आहे. सव्वा महिन्याच्या रूढीने स्त्रीला तिच्या आयुष्यात क्वचितच लाभणारी एक गोष्ट दिली, ती म्हणजे समाजमान्य विश्रांती. जड उचलणे, पाणी भरणे, जात्यावर बसणे यांतून काही आठवडे तिची सुटका होई आणि ताणलेल्या स्नायूंना सावरण्यास अवधी मिळे. मात्र या परिचर्येला मर्यादाही होत्या. पोटपट्टा पोटाला बाहेरून आधार देतो, आतील स्नायूंना बळ देत नाही. सुईणीच्या मालिशीने कंबरेला आराम पडे, पण फाटलेल्या स्नायूंची तपासणी तिच्या कक्षेत नव्हती. कोंडलेल्या खोलीतील शेगडीचा धूर माता व बाळ दोघांनाही अपायकारक होता.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ही विश्रांती मिळत कोणाला होती? पेशवेकालीन वा उत्तरकालीन उच्चवर्णीय घरांतील बाळंतिणीचे चित्र संपूर्ण महाराष्ट्राचे म्हणून पुढे ठेवले जाते. शेतमजूर, वडार, पाथरवट किंवा ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला सव्वा महिना हा बहुधा ऐकण्यातला शब्द होता. मावळ-मुळशी परिसरासह महाराष्ट्राच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरील ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह उभा केला. या संग्रहाचे ऐतिहासिक मोल असे की स्त्रीच्या शरीरश्रमाची नोंद जिथे सरकारी दफ्तरात झाली नाही, तिथे ती तिच्याच तोंडच्या शब्दांत टिकून राहिली.

हठयोगातील मूलबंधाचाही येथे विचार करावा लागतो. हठयोगप्रदीपिकेत गुदभागाचे आकुंचन करून अपानवायू वर ओढण्याची क्रिया वर्णिली आहे. घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा येते. या क्रियांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जाणीवपूर्वक आवळले जातात, हे खरे. पण या ग्रंथांचा श्रोता साधक पुरुष होता आणि हेतू आध्यात्मिक होता. ही क्रिया बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचली नाही. ज्ञान एका ठिकाणी आणि गरज दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी पुढील इतिहासातही वारंवार दिसते.

रुग्णालयाचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसूती हा सार्वजनिक आरोग्याचा विषय बनू लागला. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोवळ्या वयात माता होऊन अवघ्या दहा दिवसांत मूल गमावलेल्या या विदुषीने प्रसूतीचा विषय निवडावा, यात वैयक्तिक दुःख आणि सामाजिक प्रश्न यांचा संगम दिसतो.

पुण्यात १९०९ मध्ये सेवासदनाच्या रूपाने रमाबाई रानडे यांनी स्त्रियांच्या शिक्षणाचे जे कार्य आरंभले, त्यातून परिचारिका व सुईणींच्या प्रशिक्षणालाही चालना मिळाली. १९१२ मध्ये पुण्यात किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय लहानशा प्रसूतिगृहाच्या स्वरूपात सुरू झाले. १९४४ पासून या रुग्णालयाशी जोडल्या गेलेल्या डॉ. बानू कोयाजी यांनी ते नावारूपास आणलेच, शिवाय १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारून आरोग्यसेवा गावाच्या दारापर्यंत नेली. मुंबईत परळच्या गिरणगावात १९२६ मध्ये नौरोजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले.

या सर्व संस्थांपुढे पहिले आव्हान होते ते मृत्यू रोखण्याचे. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, अडलेली प्रसूती यांच्याशी लढताना प्रसूतीनंतरच्या स्नायुदौर्बल्याकडे दुर्लक्ष होणे त्या काळात स्वाभाविक होते. परंतु पुढे माता वाचू लागल्या, तेव्हाही हा क्रम बदलला नाही.

व्यायामाचा मार्ग : पाश्चात्त्य अनुभव

युरोपमध्ये स्वीडनच्या थुरे ब्रांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्दन व व्यायाम यांच्या साहाय्याने गर्भाशय खाली येण्यावर उपचार करण्याचा प्रयत्न केला होता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९१२ मध्ये प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांच्या सूचनेवरून मिनी रँडेल यांनी प्रसूत स्त्रियांना व्यायाम देण्यास सुरुवात केली. रँडेल या परिचारिका, सुईण आणि मर्दनतज्ज्ञ अशा तिन्ही भूमिकांत प्रशिक्षित होत्या. बाळंतिणीने दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे हा तत्कालीन संकेत मोडून तिला हळूहळू हालचाल करू द्यावी, हा विचार येथे मूळ धरू लागला. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसूतिविषयक भौतिकोपचार करणाऱ्यांची स्वतंत्र संघटना अस्तित्वात आली.

त्याच १९४८ साली अमेरिकेत अरनॉल्ड केगेल यांचा श्रोणितलाच्या स्नायूंच्या क्रमवर्धित व्यायामावरील निबंध प्रसिद्ध झाला. केगेल हे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होते. प्रसूतीनंतर दुर्बल झालेला स्नायू हातापायाच्या स्नायूप्रमाणेच व्यायामाने बळकट होऊ शकतो, आणि हा व्यायाम योग्य होतो आहे की नाही हे उपकरणाने मोजता येते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. पेरिनियोमीटर या त्यांच्या उपकरणामुळे स्त्रीला आपल्या न दिसणाऱ्या स्नायूचे आकुंचन प्रत्यक्ष आकड्यांत पाहता आले. पुढे हे व्यायाम त्यांच्याच नावाने जगभर ओळखले गेले.

फ्रान्समध्ये १९८० च्या दशकापासून प्रसूतीनंतरच्या श्रोणितल पुनर्वसनाचा खर्च सामाजिक विम्यातून भागविला जाऊ लागला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये श्रोणितलाच्या विकारांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध करून गर्भारपणापासूनच या व्यायामांची माहिती देण्यावर भर दिला. अशा रीतीने एका रुग्णालयातील प्रयोगापासून सुरू झालेली ही वाटचाल साधारणतः एका शतकात सार्वजनिक धोरणापर्यंत पोहोचली.

महाराष्ट्र : शस्त्रक्रिया आधी, व्यायाम नंतर

महाराष्ट्रातील चित्र याहून वेगळे आहे. येथे श्रोणितलाच्या दौर्बल्याची दखल घेतली गेली नाही असे मुळीच नाही. उलट या विषयावरील जागतिक शस्त्रक्रियाशास्त्रात मुंबईच्या शल्यविशारदांनी मोलाची भर घातली. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे १९५५ मध्ये मांडलेल्या गर्भाशयमुखाच्या टाक्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांचे दुसरे कार्य तुलनेने कमी चर्चिले जाते. खाली आलेले गर्भाशय काढून न टाकता मांडीच्या स्नायूवरील आवरणाच्या पट्टीने त्याला आधार देण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. पुढे पोटाच्या भिंतीतील आवरणाच्या पट्ट्यांचा उपयोग करणारी पुरंदरे यांची शस्त्रक्रियाही याच परंपरेतील आहे.

गर्भाशय वाचविणाऱ्या या शस्त्रक्रिया मुंबईत का विकसित झाल्या, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पाश्चात्त्य देशांत गर्भाशय खाली येणे हा मुख्यतः उतारवयातील विकार मानला जाई आणि अशा स्त्रीचे गर्भाशय काढून टाकणे हा सर्वमान्य उपाय होता. येथे मात्र तरुण, पुढे अपत्य हवे असलेल्या स्त्रिया हा विकार घेऊन येत होत्या. लवकर झालेले विवाह, पाठोपाठची बाळंतपणे, अपुरे पोषण, अप्रशिक्षित हातांनी झालेली प्रसूती आणि बाळंतपणानंतर लगेच सुरू होणारे जड काम ही त्यामागील कारणे म्हणून सांगितली जातात. म्हणजेच शस्त्रक्रियेतील हे नैपुण्य समाजातील एका मोठ्या दुखण्याची अप्रत्यक्ष साक्ष आहे.

जो विकार शस्त्राने सांधण्यात मुंबईने जगाला वाट दाखविली, तो सुरुवातीच्या अवस्थेत व्यायामाने रोखण्याची व्यवस्था त्याच शहरात का उभी राहिली नाही? याचे एक उत्तर भौतिकोपचाराच्या जन्मकथेत सापडते. भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. त्यामागील निकड पोलिओची होती. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. पोलिओग्रस्त बालके, अपघातात जायबंदी झालेले कामगार, पक्षाघाताचे रुग्ण या क्रमाने ही विद्या वाढली. ब्रिटनमध्ये भौतिकोपचाराची एक शाखा प्रसूतिकक्षात रुजली, तर महाराष्ट्रात ती अस्थिरोग विभागाच्या शेजारी रुजली. प्रसूतिकक्षाशी तिचा संबंध दीर्घकाळ औपचारिकच राहिला.

दुसरे उत्तर संकोचात आहे. हा व्यायाम शिकविण्यासाठी ज्या अवयवाचे नाव घ्यावे लागते, ते मराठीत चारचौघांत उच्चारता येत नाही. ‘अंग बाहेर येते’, ‘मायांग खाली आले’, ‘खोकले की कपडे ओले होतात’ अशा आडवळणाच्या भाषेत स्त्री आपली तक्रार मांडते, तीही बहुधा दुसऱ्या स्त्रीपाशी. या मौनाची व्याप्ती गडचिरोलीतील संशोधनाने प्रथम आकड्यांत दाखविली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या अभ्यासात, जो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात गडचिरोलीतील ७७२ स्त्रियांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या काळात कोणता ना कोणता आजार झाल्याचे दिसून आले. तक्रार नाही याचा अर्थ विकार नाही असा होत नाही, हे या संशोधनाने सिद्ध केले.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील योगपरंपरेचा उल्लेख आवश्यक ठरतो. बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या योगविषयक ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचा काळ यांचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. साधक पुरुषासाठी सांगितलेली विद्या स्त्रीच्या देहावस्थांच्या संदर्भात नव्याने मांडण्याचा हा प्रयत्न होता. तथापि त्याचा लाभ मुख्यतः शहरी सुशिक्षित वर्गापुरता मर्यादित राहिला.

कारखाना आणि कायदा

प्रसूत स्त्रीच्या विश्रांतीचा प्रश्न घराबाहेर पडून कायदेमंडळात पोहोचला तो गिरणीमुळे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने मातृत्वसंरक्षणाचा करार केला. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची व निवासाची पाहणी केली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्वलाभाचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २८ जुलै १९२८ रोजी त्याचे समर्थन करताना, प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार शासनाने उचलण्यास हवा, तसेच स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे राहता येणार नाही, अशी भूमिका घेतली. १९२९ चा मुंबई प्रांताचा मातृत्वलाभ कायदा हा देशातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा ठरला.

सव्वा महिन्याची विश्रांती ही रूढीने काहींना दिलेली सवलत होती. १९२९ च्या कायद्याने ती कामकरी स्त्रीचा हक्क म्हणून प्रथमच मान्य केली. या दृष्टीने हा कायदा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ च्या मातृत्वलाभ अधिनियमाने बारा आठवड्यांची सवेतन रजा दिली व प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या. मात्र कायद्याने आठवडे मोजले आणि वेतन मोजले, स्नायू पूर्ववत झाला की नाही हे मोजण्याची तरतूद त्यात कधीच नव्हती. रजा संपली की शरीर कामाला योग्य झाले, असे गृहीत धरले गेले.

तळवडे : एका गावाचे स्थित्यंतर

या सर्व प्रवाहांचा एकत्रित परिणाम पाहण्यासाठी तळवडे हे उदाहरण उद्बोधक आहे. इंद्रायणीच्या काठी, देहूच्या शेजारी वसलेले हे हवेली तालुक्यातील शेतकरी गाव. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या पट्ट्यात कारखानदारी वेगाने विस्तारली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९७ च्या हद्दवाढीत तळवड्याचा महापालिकेत समावेश झाला. पुढे येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, तर पलीकडे चाकणमध्ये वाहन उद्योग विस्तारला. अवघ्या दोन पिढ्यांत बागायतीचे गाव संगणक अभियंते, कंत्राटी कामगार आणि लघुउद्योजक यांची वस्ती बनले.

या स्थित्यंतराने बाळंतपणाची सामाजिक चौकटही बदलली. आजीच्या पिढीला सुईण आणि माहेर होते, रुग्णालय नव्हते. नातीच्या पिढीला रुग्णालय आहे. १९८९ पासून महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय या परिसराचा मोठा आधार आहे. पण मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश वा बिहारमधून आलेल्या कामगार कुटुंबातील स्त्रीचे माहेर शेकडो किलोमीटर दूर आहे. भाड्याच्या एका खोलीत तेल लावणारी सुईण नाही, लाडू करणारी आई नाही, आणि पाण्याची कळशी उचलण्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या बाजूला संगणकासमोर नऊ-दहा तास बसणाऱ्या स्त्रीला २६ आठवड्यांची रजा आहे, खासगी फिजिओथेरपी केंद्राचे शुल्क परवडते, आणि श्रोणितलाच्या व्यायामांची माहितीही तिच्यापर्यंत पोहोचते. एकाच गावाच्या हद्दीत प्रसूतीनंतरच्या शरीराचे हे दोन इतिहास शेजारी शेजारी घडत आहेत.

दहापेक्षा कमी कामगारांची लहान आस्थापने, घरगुती कामे, बांधकामाची बिगारी येथील स्त्रिया व्यवहारात कायद्याच्या चौकटीबाहेरच राहिल्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात आग लागून अनेक महिला कामगारांचा बळी गेला. या परिसरात स्त्रिया कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या परिस्थितीत राबतात, हे त्या दुर्घटनेने सर्वांच्या नजरेस आणले. जिथे स्त्रीचे कामावर असणेच अदृश्य राहते, तिथे तिच्या बाळंतपणानंतरच्या दुखण्याची नोंद होणे संभवत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण चौथ्या पाहणीतील (२०१५-१६) सुमारे ९० टक्क्यांवरून पाचव्या पाहणीत (२०१९-२१) सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. याच काळात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती सुमारे २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर पोहोचल्या. संस्थात्मक प्रसूतीतील हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु स्त्री रुग्णालयात राहते ती काही दिवस, आणि स्नायूंचे पुनर्वसन ही काही महिन्यांची प्रक्रिया आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली म्हणजे श्रोणितलाची काळजी घेण्याचे कारण उरत नाही, हा समजही चुकीचा आहे. नऊ महिन्यांचा भार त्या स्नायूंनीही वाहिलेला असतो, आणि पोटाच्या छेदाचे पुनर्वसन हा आणखी एक प्रश्न त्यात मिळतो.

उपलब्ध संधी

इतिहासाचा हा आढावा निराशाजनक वाटण्याचे कारण नाही. श्रोणितलाचा व्यायाम हा वैद्यकातील अत्यल्प खर्चाचा उपचार आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते ओळखणे, ते काही सेकंद आवळून सैल सोडणे, आठ-दहा वेळा हीच क्रिया करणे, आणि हा क्रम दिवसातून तीनदा, किमान तीन महिने चालविणे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. लघवी मध्येच अडवून हा व्यायाम करू नये आणि श्वास रोखू नये, एवढे पथ्य सांभाळावे लागते. ज्यांना मोठी फाट पडली आहे, वेदना आहेत किंवा अंग बाहेर येत आहे, त्यांना मात्र तज्ज्ञांच्या तपासणीची गरज असते. स्वतःहून केलेला व्यायाम अनेकदा चुकीच्या स्नायूंचा होतो, म्हणून एकदा तरी प्रशिक्षित व्यक्तीचे मार्गदर्शन मिळणे हितावह ठरते.

त्यासाठी लागणारी माणसेही आता उपलब्ध आहेत. पुण्यात संचेती आणि पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील यांसारख्या संस्थांतून भौतिकोपचाराचे शिक्षण दिले जाते. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने भौतिकोपचारतज्ज्ञांना आरोग्यव्यावसायिक म्हणून वैधानिक चौकट मिळाली. गडचिरोलीच्या अनुभवातून विकसित झालेल्या घरपोच नवजात बालसेवेच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक अंतराने घरी येते. हे ४२ दिवस म्हणजे जवळजवळ सव्वा महिनाच आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. या भेटींचा भर बाळावर असतो. त्यात मातेला विचारावयाचे दोन साधे प्रश्न – खोकताना वा शिंकताना लघवी होते काय, आणि खाली जड वा ओढल्यासारखे वाटते काय – समाविष्ट झाल्यास, जुनी रूढी आणि नवे शास्त्र प्रथमच एका उंबरठ्यावर भेटू शकतील.

समारोप

महाराष्ट्रातील प्रसूतिपश्चात परिचर्येच्या इतिहासात घर, रुग्णालय आणि कारखाना या तीन संस्थांनी आपापला वाटा उचललेला दिसतो. घराने विश्रांती दिली, पण तपासणी दिली नाही, आणि विश्रांतीही सर्वांना दिली नाही. रुग्णालयाने प्राण वाचविले व प्रसंगी शस्त्रक्रियेने अवयव सावरले, पण स्नायूंचे शिक्षण दिले नाही. कारखान्यामुळे कायदा आला व रजेचा हक्क मिळाला, पण तो हक्क नोंदणीकृत कामगार स्त्रीपाशी येऊन थांबला. या तिन्हींच्या मधल्या जागेत बाळंतिणीचे शरीर उभे आहे.

तळवड्याचे उदाहरण असे दर्शविते की औद्योगिकीकरणाने जुनी परिचर्या मोडली, परंतु तिच्या जागी नवी परिचर्या आपोआप निर्माण झाली नाही. ती ज्यांना विकत घेता आली त्यांनी घेतली. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित म्हणून मांडले गेले होते. विश्रांतीसंबंधी जे त्या वेळी मान्य झाले, ते पुनर्वसनासंबंधी मान्य होणे अद्याप बाकी आहे. प्रसूतीतून माता जिवंत परतली यावर समाजाने समाधान मानण्याचा काळ मागे पडला असून, ती सुदृढ परतली काय, हा प्रश्न यापुढे आरोग्याच्या इतिहासाला आणि धोरणालाही विचारावा लागेल.